शब्दचर्चा: रीफर, शीतपेटी आणि माल 'निववणे'

मूळ प्रश्न (कंदर, ता. करमाळा)

मी मूळचा सोलापूर शहरातला. काही वर्षांपासून कंदरजवळच्या एका पॅकहाऊसवर निर्यातीच्या केळीचं काम बघतो. घड उतरवायचे, फण्या सोडवायच्या, तुरटीच्या पाण्यात चीक धुवायचा, बॉक्स भरायचे आणि चाळीस फुटी रीफर कंटेनर (गारव्याचं यंत्र बसवलेला मालाचा डबा) न्हावाशेवा बंदराला रवाना करायचा. तिथून माल आखाती देशांत जातो.

प्रश्न शब्दाचा आहे, पण मला तो नुकसानीतून पडला. मागच्या एप्रिलात ज्यांचा माल होता त्या निर्यातदारांनी भिंतीवर रीफरसाठी मराठीत पाटी लावली: 'शीतकरण पेटी'. हेतू चांगलाच होता, भरणीच्या पोरांना इंग्रजी वाचता येत नाही. पोरांनी पाटी वाचली आणि सरळ अर्थ लावला. पेटीच शीत करणार आहे, तर कोल्डरूममध्ये वेळ कशाला घालवायचा? भर दुपारी भरलेले बॉक्स संध्याकाळी कंटेनरमध्ये चढले. मी त्या दिवशी सोलापुरात होतो. माल पोचल्यावर तिकडून फोटो आले. कडेचे बॉक्स हिरवे, मधल्या थरातले पिवळे होऊन मऊ पडलेले.

रीफर माल थंड करत नाही, थंड माल थंड राखतो. त्याचं यंत्र भिंतींतून आत शिरणारी उष्णता आणि फळाच्या श्वसनातून निघणारी ऊब बाहेर काढण्यापुरतं असतं. वीसेक टन तापलेली केळी निववणं हे त्याचं काम नाही. त्याला मधल्या बॉक्सपर्यंत पोचायला कित्येक दिवस लागतात, तोवर केळी पिकायला लागलेली असते.

मग या वस्तूला मराठीत काय म्हणावं, की नुसतं वाचूनच हे कळेल? शीतपेटी, शीतकंटेनर, प्रशीतित कंटेनर, सगळे वाचून झाले. एकाही शब्दात 'राखणं' नाही.

प्रतिसाद (सांगोला, डाळिंब बागायतदार)

दादा, आमच्याकडं कुणी शीतपेटी म्हणत नाही. 'माल कोल्डला लावला' आणि 'रीफर लागला', बस. सांगोल्याहून पश्चिम बंगालातल्या शालिमारला किसान रेल, म्हणजे शेतमालाची खास गाडी, गेली डिसेंबर २०२० मध्ये, शंभरावी होती ती, तेव्हाही स्टेशनावर सगळे 'कोल्ड'च म्हणत होते.

पण मला दुसऱ्याच शब्दाची अडचण आहे. 'चिलिंग इंज्युरी'. डाळिंब पाच अंशांच्या खाली फार दिवस राहिलं की सालीवर तपकिरी डाग येतात आणि आतले पांढरे पडदेही तपकिरी होतात. फळ गोठलेलं नसतं, सडलेलंही नसतं. बागायतदाराला हे सांगायचं कसं? 'शीतबाधा' म्हटलं की त्याला भूतबाधाच आठवते.

मूळ लेखकाचं उत्तर

शब्द तुमच्या बोलण्यातच आहे की हो: गारठणे. माणसाची बोटं गारठतात म्हणजे ती गोठत नाहीत, पण काम करेनाशी होतात. केळीचं अगदी तसंच होतं. साडेतेरा अंशांवर ती सुखात असते. त्याच्या बरंच खाली गेली की नंतर कितीही ऊब दिली तरी नीट पिकत नाही, पिवळ्याऐवजी राखाडी, मळकी दिसते. नखानं साल हलकेच खरवडून बघा, खाली तपकिरी रेघा दिसतात. चिकाच्या शिरा काळवंडलेल्या असतात. आमच्या पोरांना 'केळी गारठली' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही.

द्राक्षाचं उलट. ते शून्याच्या आसपास ठेवतात, तरी गारठत नाही. म्हणजे हा शब्द अंशांवर नाही, फळाच्या सोसण्यावर आहे. म्हणूनच तो मला नेमका वाटतो.

प्रतिसाद (सोलापूर, मराठीच्या शिक्षिका)

गारठणे पटलं. पण तुम्ही वर सहज 'निववणं' लिहून गेलात, तिथं थांबू या. निवणं म्हणजे तापलेल्याचा ताप जाणं. चहा निवतो, तवा निवतो, लेकरू सुखरूप घरी आलं की डोळे निवतात. पण निवलेली वस्तू भोवतालच्या हवेइतकीच होते, तिच्याखाली जात नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात केळं निवेल ते पस्तीस अंशांपर्यंत. तेरा अंशांना निवणं म्हणता येईल का?

आणि गोठवलेल्या मालाबद्दलही एक सांगते. तूप, खोबरेल थिजतं, पाणी गोठतं. फ्रोझन मटाराच्या पाकिटावर 'थिजवलेले' असं छापलेलं मी वाचलं आहे, ते चूक आहे. मटारात पाणी असतं, तो गोठतो. भीतीनं माणूस थिजतो आणि रक्त गोठतं, हाही भेद तोच.

प्रतिसाद (मूळचा बार्शीचा, आता उरणला कंटेनर यार्डात)

ताई, 'गोठणे' हवाच. आमच्याकडे फ्रोझन मालाला उणे अठरा अंश आणि हवेची झडप पूर्ण बंद; ताज्या फळांना झडप थोडी उघडी, कारण फळ श्वास घेतं, आतली हवा बदलावी लागते. एकच डबा, दोन वेगळे संसार. दोन्हीला 'शीत' म्हटलं की झडपेची चूक होते. गोठवलेल्या मालासाठी झडप उघडी राहिली की दमट हवा आत येते आणि यंत्राच्या नळ्यांवर बर्फ साचतो.

गोठवलेलं मांस जहाजानं पाठवणं जुनं आहे. १८८२ साली 'ड्युनेडिन' नावाचं जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मटण घेऊन निघालं आणि ९८ दिवसांनी लंडनला पोचलं. ताजं फळ जास्त नाजूक, कारण ते वाटेत जिवंत असतं.

आणि लिहिताना 'री' दीर्घ लिहा. ऱ्हस्व लिहिलं की लोकांना दवाखान्यातलं 'पेशंट रिफर केला' आठवतं. माझ्या आईला मी कामाबद्दल सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं होतं, कुणाला रिफर केलं रे?

मूळ लेखकाचं उत्तर

ताई, तुमचा आक्षेप दोन दिवस डोक्यात होता. काल तोडणीच्या वेळी घडाला हात लावून बघितला. ऊन उतरून तास झाला होता, हवा गार वाटत होती, पण फणीच्या मधोमध बोटं घातली की चुलीशेजारी हात धरल्यासारखं लागत होतं. शेजारी उभ्या असलेल्या मावशी, वीस वर्षं याच कामात, म्हणाल्या, "धग हाय अजून आत. धग काढल्याबिगर बंद करू नगा."

प्री-कूलिंगची पुस्तकी व्याख्या 'शेतातली उष्णता काढून टाकणे' अशी आहे, आणि मावशींनी तेच दोन शब्दांत सांगितलं. धग काढणे. निवणं आपोआप होतं, धग काढावी लागते. कोल्डरूममध्ये पंखा बॉक्सच्या भोकांतून हवा ओढून घेतो ते यासाठीच, आणि रीफरमध्ये ती ओढ नसते. तिथं हवा खालच्या पन्हळींमधून वर येते, मालातून जाऊन छताखालून यंत्राकडे परतते. म्हणून छताजवळच्या लाल रेषेच्या वर बॉक्स रचायचे नसतात.

प्रतिसाद (सांगोला)

धग काढणे एकदम चोख. आमच्या डाळिंबालाही लागू. डिसेंबर २०२४ मध्ये इकडचं डाळिंब समुद्रमार्गे निघालं आणि जानेवारीत सिडनीला उतरलं. महिन्यावर प्रवास. धग आत राहिली असती तर पोचलं असतं का?

प्रतिसाद (सोलापूर, शिक्षिका)

मान्य. 'निवणे' मागे घ्या, 'धग काढणे' ठेवा. कंटेनरच्या नावासाठी मात्र माझा हट्ट नाही. रिक्षा, टेबल, स्टेशन तसा रीफर. पाटीवर नाव कुठलंही असू द्या, क्रियापद पोरांच्या तोंडचं हवं, कारण हात क्रियापदाप्रमाणे हलतो.

मूळ लेखकाचं उत्तर

जुनी पाटी आज निर्यातदारांना विचारून काढली. नवी मीच खडूनं लिहिली आहे, रंगारी सोमवारी येणार आहे. मजकूर असा:

'रीफर गारवा राखतो, गार करत नाही. आधी धग काढा. केळी साडेतेरावर. त्याखाली गारठते.'

मावशींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, 'आधी धग काढा' हे सगळ्यात वर लिहा. तसं लिहिलं.