हात दुखला म्हणजे सराव झाला?

सहावी तार:
परवा आपल्या या गिटारच्या फोरमवरच कुणीतरी ठणकावून लिहिलं, "हात दुखल्याशिवाय पिकिंगला वेग येत नाही." पिकिंग म्हणजे पिकने, त्या छोट्या चपट्या तुकड्याने, तारा छेडणं. खाली नव्या पोरांच्या माना डोलताहेत. म्हणून हा स्वतंत्र धागा.

बोटांची टोकं हुळहुळतात, घट्टे पडतात, विषय संपतो. मनगटापासून कोपरापर्यंत जे भरून येतं, त्याला घट्टे पडत नाहीत. बोटं आणि अंगठा वाकवणारे नऊ टेंडन (स्नायूंच्या दोऱ्या) आणि मीडियन नर्व्ह हा मज्जातंतू मनगटातल्या एकाच अरुंद बोगद्यातून जातात. मनगट मुडपून, पिक आवळून तासन्‌तास बडवलंत तर त्रास कुठे होणार?

पिक तर्जनीच्या कडेवर ठेवा, वरून अंगठा, टोक जेमतेम बाहेर. मनगट साधारण सरळ, हालचाल तिथूनच. वेग वाढला की बहुतेकांचं कोपर ताठ होतं आणि खांद्यापासून अख्खा हात थरथरवून ट्रेमोलो (एकच सूर भराभर छेडणं) काढला जातो. मिनिटाला १६० ठोक्यांवर हात आखडत असेल तर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) १२० वर आणा. मुंग्या, बधिरपणा आला तर गिटार खाली ठेवा आणि डॉक्टर गाठा.

डाउनस्ट्रोक:
ते 'कुणीतरी' मीच, नाव घ्यायला हरकत नव्हती. वेगवान रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) सलग डाउनस्ट्रोकने, म्हणजे फक्त खालच्या दिशेच्या फटक्यांनी, वाजवा, हात भरणारच. मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्डला कुणी सांगितलं का, बाबा रे, वर-खाली वाजव, झेपेल? तो अटॅक (सुराचा पहिला ठोसा) अशा अल्टरनेट पिकिंगने येत नाही. आणि सरळ मनगटाचं कौतुक जिप्सी जॅझ गिटारचा आद्य उस्ताद जँगो राइनहार्ट याच्या वारसदारांना सांगा. जिप्सी जॅझवाले मनगट वाकवूनच वाजवतात.

पातळ पिक:
धागाकर्त्याला +१. पण खरा गुन्हेगार जाड पिक. १.५ मिमीचं ढेकूळ तारेत अडकतं, धक्का थेट अंगठ्याच्या सांध्याला. ०.६० घ्या, निम्मी रड थांबेल.

जाडपिकवाला:
काहीही! पातळ पिक वाकतं, सरळ व्हायला वेळ घेतं, आवाज निघत नाही म्हणून माणूस आणखी जोरात मारतो. १.३८ चं छोटं जॅझ थ्री पिक तिरकं धरा, कड तारेवरून घसरते, जोर लागतच नाही.

पातळ पिक:
कॉर्ड (अनेक तारा एकदम) झोडताना तिरकं धरून दाखवा. तुम्ही नुसते सोलोवाले, रिदम कशाशी खातात माहीत नाही.

जाडपिकवाला:
रिदम वाजवतो म्हणूनच सांगतोय. ०.६० चा तो फटफट आवाज गिटारचा की पंख्यात अडकलेल्या कागदाचा?

उघडी तार:
आवरा दोघं. आमच्या बँडमधल्या दुसऱ्या गिटारवाल्याची गोष्ट ऐका. कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ, भरलेली बाटली उचलता येईना. फिजिओने टेनिस एल्बो सांगितलं. पिक बदललं, तारा १० नंबरच्या काढून ९ च्या, म्हणजे आणखी पातळ, लावल्या, फरक शून्य. मग कळलं, हा रात्री घरच्यांची झोपमोड नको म्हणून इलेक्ट्रिक गिटार ॲम्प्लिफायरविना वाजवायचा. ऐकू येईना म्हणून तारा बडवायचा, आणि स्टेजवरही हात तसाच चालायचा. फिजिओने सांगितलेली विश्रांती घेतली, हेडफोन लावला, आवाज वर, हात हलका. हळूहळू उतरलं. जाडीवर भांडणारे रात्री कसे वाजवतात?

सहावी तार:
हे मूळ लेखातच हवं होतं.
@डाउनस्ट्रोक, सरळ म्हणजे फळी ठोकलेलं नव्हे. आणि जँगोचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्या शैलीत डाउनस्ट्रोक हाताच्या वजनाने पडतो आणि पुढच्या तारेवर टेकून थांबतो, थांबवायला स्नायू आवळावे लागत नाहीत. मनगट वाकलेलं, पण हात सैल! तुमचे चेले वाकवतातही आणि आवळतातही.

करंगळी:
अवांतर, पण आमचे सर करंगळी गिटारवर टेकवली की ओरडायचे. हवेत धरून धरून पंजा लाकूड व्हायचा. हलकी टेकवली तर काय बिघडतं?

सहावी तार:
हलकी टेकवली तर काही नाही. रोवून त्यावर भार दिलात तर बिघडतं.

डाउनस्ट्रोक:
बरं, पंडितजी. 'दुखल्याशिवाय' काढतो, 'थकल्याशिवाय' घालतो. डाउनस्ट्रोक मात्र सोडणार नाही. दोन रिफच्या मध्ये हात झटकून मोकळा करतो, तेवढी परवानगी असावी.

जाडपिकवाला:
पातळवाल्यांच्या माहितीसाठी, आज ०.७३ वाजवून पाहिलं. अगदीच टाकाऊ नाही. आवाज फुटकाच.

पातळ पिक:
०.७३ ला पातळ म्हणतो कोण?