मदत हवी आहे: भोर घाटाच्या एचओ मॉडेल रेल्वे मांडणीत रिव्हर्स लूपचे विद्युत विभाग कोठे तोडावेत?

नमस्कार. कर्जत ते लोणावळा या घाटमार्गाची १:८७ प्रमाणातील, म्हणजे एचओ प्रमाणाची मांडणी मी कोकणातील आमच्या कौलारू घराच्या माडीवर उभारत आहे. लाकडी चौकटी आणि त्यांवरील प्लायवूड बसवून झाले आहे. एकदा खडी पसरून ती डिंकाने पक्की केली की विद्युत विभाग वेगळे करणाऱ्या, रुळांतील फटींची जागा बदलणे फार जिकिरीचे होते, म्हणून रूळ कायमचे बसवण्यापूर्वी विद्युत जोडणीबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

खोली १८ फूट लांब आणि १४ फूट रुंद असून मांडणी तीन भिंतींलगत इंग्रजी यू अक्षराच्या आकारात जाते. एका टोकाला कर्जत, दुसऱ्या टोकाला लोणावळा आणि दोघांच्या मध्ये एकेरी चढ आहे. प्रत्यक्ष घाटात मार्ग तिहेरी आहे, पण जागेअभावी मी एकच मार्ग घेतला आहे. घाटातील सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे १ फूट असा आहे आणि तेवढाच मी ठेवला आहे. त्या हिशेबाने १५ सेंटीमीटर उंची गाठण्यासाठी सुमारे साडेपाच मीटर लांबी खर्च होते. रूळ १६.५ मिलिमीटर गेजचे आहेत. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला या प्रमाणात १९.३ मिलिमीटर लागतील याची मला कल्पना आहे, परंतु त्या मापाचे पॉइंट (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रुळांचे सांधे) तयार मिळत नाहीत, म्हणून ती तडजोड स्वीकारली आहे.

ज्या गोष्टीसाठी मी हा घाट निवडला, ती म्हणजे बँकर. पुण्याकडे चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिने लागतात आणि ती गाडीला ढकलत वर नेतात. हे दृश्य मांडणीवर घडवायचे असेल, तर पुढचे आणि मागचे अशी दोन्ही इंजिने एकाच मार्गावर, एकाच वेळी, पण स्वतंत्रपणे ताब्यात असली पाहिजेत. त्यामुळे डीसीसी पद्धतीला, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र डिजिटल आज्ञा देण्याला, पर्याय नव्हता. या पद्धतीत रुळांवर सुमारे १५ व्होल्टचा दाब सतत असतो आणि वेग व दिशा हे दोन्ही इंजिनातील डीकोडर (आज्ञा ओळखणारे सर्किट) ठरवतो.

मुख्य अडचण दोन्ही टोकांच्या लूपची आहे. स्थानकापलीकडे मार्ग एका पॉइंटमधून फुटतो, गोल फिरतो आणि त्याच पॉइंटला परत येऊन मिळतो. असे झाले की डावा रूळ फिरून उजव्या रुळाला भेटतो आणि शॉर्ट सर्किट होते. यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे लूपच्या दोन्ही बाजूंना दोन्ही रूळ तोडून तो भाग वेगळा करणे आणि त्याला ऑटो-रिव्हर्सरमधून वीज देणे. इंजिनाचे चाक फटीवरून जाताना क्षणमात्र शॉर्ट होते, ते ओळखून हे उपकरण त्या भागाची ध्रुवता उलटवते आणि दिशा डीकोडरच्या हाती असल्यामुळे गाडी न थांबता पुढे जाते.

मात्र गाडीची चाके एकाच वेळी दोन्ही टोकांच्या फटींवर आली, तर एका फटीला जी ध्रुवता हवी तिच्या नेमकी उलट दुसरीला हवी असते आणि उपकरण कोणाचेच समाधान करू शकत नाही. माझ्या लूपची त्रिज्या ५५० मिलिमीटर असून एका फटीपासून दुसऱ्या फटीपर्यंत २.९ मीटर लांबी मिळते. आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या रचनेचा) डबा या प्रमाणात सुमारे २५६ मिलिमीटरचा होतो. नऊ डबे आणि दोन्ही टोकांची दोन इंजिने मिळून गाडी २.७७ मीटरची भरते. डब्यांची चाकेही धातूची आहेत, त्यामुळे केवळ इंजिनांचा विचार करून चालत नाही. एवढा निसटता फरक पुरेसा मानावा, की बँकर लोणावळ्याला सोडूनच गाडी लूपमध्ये न्यावी? प्रत्यक्षात चढ संपल्यावर बँकर सुटतो, त्यामुळे दुसरा मार्ग मला मनापासून आवडेल. पण कर्जतच्या लूपमध्ये बँकर लावलेली गाडी कधीच जाऊ नये, असा नियम त्यामुळे कायमचा होईल का, ते समजत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. दोन लूपना दोन ऑटो-रिव्हर्सर लावण्याऐवजी दोन्ही लूप स्थिर ध्रुवतेचे ठेवून मधला संपूर्ण मार्ग, स्थानकांसह, एकाच ऑटो-रिव्हर्सरवर घेता येतो. कागदावर ही रचना सुटसुटीत दिसते आणि एक उपकरण वाचते. पण मग घाट चढणाऱ्या दोन्ही इंजिनांचा भार त्या एकाच उपकरणावर येतो, आणि एक गाडी कर्जतच्या लूपमध्ये शिरत असताना दुसरी लोणावळ्याच्या लूपमधून बाहेर पडत असेल, तर दोघींच्या मागण्या परस्परविरोधी ठरू शकतात. माझा कल दोन उपकरणांकडे आहे. एकाच उपकरणावर अशी मांडणी दीर्घकाळ चालवलेल्या कोणाचा अनुभव याच्या उलट असेल, तर कृपया कारणासह सांगावा.

या निर्णयात घाटातील मंकी हिल या ठिकाणची कॅच सायडिंगही गुंतलेली आहे. उतारावर ताबा सुटलेली गाडी चढाच्या फाट्यावर वळवून थोपवण्यासाठी ती असते आणि तिचा पॉइंट एरवी सायडिंगकडेच लावलेला असतो. मलाही तसेच ठेवायचे आहे. परंतु माझ्या एकेरी मार्गावर खालून वर येणारी गाडी त्याच पॉइंटमधून उलट बाजूने जाईल, आणि पॉइंट सायडिंगकडे असताना ती आली तर धातूच्या फ्रॉगवर (पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर) शॉर्ट होईल. तो भाग ऑटो-रिव्हर्सरवर असल्यास उपकरण विनाकारण ध्रुवता उलटवत राहील. फ्रॉग चारही बाजूंनी वेगळा करून त्याला स्वतंत्र, आपोआप ध्रुवता बदलणारे सर्किट द्यावे, की पॉइंट फिरवणाऱ्या मोटरच्या विद्युत संपर्कांवरच विसंबावे?

तारांचा हिशेब मी केला आहे, तो तपासून द्यावा. संपूर्ण मांडणीखालून १४ मीटरची बस वायर (वीज वाहून नेणारी मुख्य तारांची जोडी) जाते. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेला किलोमीटरमागे सुमारे १८ ओहम रोध धरला, तर एका टोकाहून वीज दिल्यास ३ अँपिअरला दूरच्या टोकाशी जाऊन-येऊन दीड व्होल्ट गळतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेऊन कमांड स्टेशन (रुळांना वीज आणि आज्ञा पुरवणारे उपकरण) मध्यभागी ठेवले, तर हाच आकडा ०.३ व्होल्टवर येतो. प्रत्येक फ्लेक्स ट्रॅकला (वाकवता येणाऱ्या रुळांच्या तुकड्याला) बस वायरपासून स्वतंत्र फीडर तार डाखून जोडणार आहे, कारण रुळांचे तुकडे जोडणाऱ्या जॉइनरमधील संपर्कावर कोकणातील दमट हवेत भरवसा ठेवता येत नाही. कमांड स्टेशन ३ अँपिअरचे आहे. ऑटो-रिव्हर्सरने त्याच्या आधी शॉर्ट ओळखले पाहिजे, तेव्हा त्याची मर्यादा किती ठेवावी?

हवामानाबाबत मला सर्वाधिक धास्ती आहे. कौलांखाली मार्च-एप्रिलमध्ये माडी चांगलीच तापते आणि पावसाळ्यात प्लायवूड ओल धरते. निकेल सिल्व्हरचा ९१४ मिलिमीटरचा रूळ २५ अंशांच्या फरकाने जेमतेम ०.३७ मिलिमीटर वाढतो; लाकूड मात्र ओलीने फुगते आणि सुकले की आकसते. रूळ तापलेले असताना लाकूड आकसले, तर सरळ मार्ग बाजूला वाकण्याची भीती वाटते. त्याहून वाईट म्हणजे करवतीने पाडलेली फट मिटून दोन विभाग एकमेकांना टेकतील आणि दोष शोधणे कठीण होईल. वळणांवर जॉइनर डाखून, सरळ भागांत ते मोकळे सोडण्याचा विचार आहे. प्लायवूडला दोन्ही बाजूंनी आणि कडांना ऑइल पेंट दिल्याने पुरेसा फरक पडतो का? फटीत प्लास्टिकचा तुकडा इपॉक्सीने बसवावा, की तयार इन्सुलेटेड जॉइनर अधिक टिकतात? कोकण किंवा गोव्यातील हवेत मांडणी सांभाळणाऱ्यांचे उत्तर येथे विशेष उपयोगी पडेल.

शेवटचा मुद्दा कोपऱ्यांचा. ६१० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर, हौशी लोक वापरतात त्या नियमाने, २.७ टक्क्यांचा चढ इंजिनाला सुमारे ४ टक्क्यांसारखा जाणवतो. म्हणून दोन्ही कोपऱ्यांत चढ २ टक्क्यांवर आणून उरलेली उंची सरळ भागात भरून काढावी का? तसे केल्यास सरळ भाग ३७ला १ पेक्षा तीव्र होईल, आणि मागून बँकर ढकलत असताना वळणावरील हलके डबे रुळांबाहेर फेकले जाणे अधिक घातक, की सरळ चढावर इंजिनाची चाके घसरणे, हे मला ठरवता येत नाही.

लूपच्या फटींबद्दल उत्तर देताना आपल्या डब्यांची चाके धातूची आहेत की प्लास्टिकची, हे आवर्जून लिहावे. पहिली फट मी त्यानंतरच पाडीन.