डर्टी हॅरी: पहिल्या भागात जो नियम मोडते तोच दुसऱ्या भागात नियमाच्या बाजूनं काऊन?

जागलीवरचा
राम राम भाऊहो. हरभऱ्याच्या जागलीवर आहो सध्या, रात्रभर रोही हाकलनं अन् मधल्या वेळात मोबाईलवर पिक्चर. मागच्या हप्त्यात डर्टी हॅरी पायला, १९७१ चा, अमेरिकेचा, क्लिंट ईस्टवुडवाला, अन् लगेच त्याचा दुसरा भाग मॅग्नम फोर्स, १९७३ चा. पयल्या भागात हा हॅरी नावाचा इन्स्पेक्टर हॉटेलात खात असते, समोर बँकेपाशी एक गाडी इंजिन चालू ठेवून उभी, याले तेवढ्यावरूनच समजते का दरोडा पडून रायला, अन् तोंडातला घास चावत चावत बाहेर येऊन गोळ्या घालते. पळत नाही, ओरडत नाही. मी तो सीन तीनदा पायला भाऊ. मंग छतावरून लोकायले गोळ्या घालणारा अन् एक पोरगी पळवून नेलेला जो खुनी असते, त्याले स्टेडियमवर पकडते, त्याच्या जखमी पायावर बूट ठेवते, पोरगी कुठं लपवली ते वदवून घेते. अन् सरकारी वकील म्हणते का हा पुरावा चालत नाही, सोडा त्याले. माझं डोकंच फिरलं. पण दुसऱ्या भागात चार तरणे ट्रॅफिकवाले पोलीस कोर्टातून सुटलेल्या गुंडायले मारत फिरतात, याले म्हणतात आमच्यात ये, अन् हा नाही म्हणते. काऊन? तेच तर करत होता ना तो पण?

संत्र्याची बाग
तेच नव्हता करत, इथंच फरक आहे. स्टेडियमवर हॅरीला वाटत असतं की ती पोरगी अजून जिवंत आहे, कुठंतरी पुरलेली आहे आणि तिची हवा संपत चालली आहे. घाई तिच्यासाठी होती. (ती आधीच मेलेली असते ही गोष्ट वेगळी, आणि तो सकाळी तिला बाहेर काढताना लांब उभा राहून बघतो तो शॉट मला गोळीबारापेक्षा जास्त लागतो.) त्या ट्रॅफिकवाल्या पोरांकडं कोणाला वाचवायची घाई नाही, त्यांच्याकडं यादी आहे. यादी करणारा माणूस थांबत नसतो. आज गुंड, उद्या ज्याला ते दिसले तो. पिक्चरमध्ये ते पुढं पोलिसालापण मारतातच की.

बाकी हा माणूसच पिक्चर ओढून नेतो हे शंभर टक्के खरं. कथा काढून बघा, साधी आहे. उरतो कोण, कमी बोलणारा, साहेबांच्या तोंडावर खरं बोलणारा, घरी कोणी वाट पाहणारं नसलेला माणूस. म्हणून तर १९८८ पर्यंत पाच भाग निघाले. पण पहिल्या भागाच्या वेळीच पॉलिन केल या समीक्षिकेनं त्याला झोडपलं होतं, की हा पिक्चर पोलिसी जुलूम बरोबर ठरवतो. मला वाटतं दुसरा भाग हे त्याला दिलेलं उत्तरच आहे.

काळा कोट, तालुका कोर्ट
मी वकिली करते म्हणून एक सांगते. तो सरकारी वकिलाचा सीन पाहून लोकांना वाटतं आपल्याकडंपण असंच होतं. आपल्याकडं विनावॉरंट झडती झाली एवढ्या कारणावरून त्या खुन्याकडं सापडलेली रायफल पुरावा म्हणून सहसा बाद झाली नसती, तो तिकडचा, अमेरिकेतला नियम. आपल्याकडं बाद होतो तो पोलिसांपुढचा कबुलीजबाब, आणि तो इंग्रजांच्या १८६१ च्या फौजदारी संहितेपासून बाद आहे. का, तर मारलं की माणूस काहीही कबूल करतो हे तेव्हाच्या इंग्रजांनापण दिसत होतं. जबाबातल्या ज्या भागावरून वस्तू सापडली तेवढाच भाग चालतो. आणि चकमकींबद्दल सुप्रीम कोर्टानं २०१४ ला आपल्याच राज्याच्या केसमध्ये सांगून ठेवलं आहे, एफआयआर झाला पाहिजे, तपास स्वतंत्र झाला पाहिजे, चकमक झाल्या झाल्या बढती किंवा शौर्य पदक द्यायचं नाही. हे सगळं गुन्हेगारावर प्रेम आहे म्हणून नाही दादा. हॅरीच्या पिक्चरमध्ये खुनी कोण हे आपण सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, छतावरून तो नेम धरतो तेव्हापासून. खऱ्या केसमध्ये ते कोणीच पाहिलेलं नसतं.

जागलीवरचा
ताई तुमची शेवटची ओळ वाचून फोन बाजूले ठेवला होता थोडा वेळ. सांगतोच आता. दोन वर्षाखाली आमच्या शिवारात एका रात्री चार विहिरीवरच्या मोटारीचे केबल कापून नेले, माझंही होतं त्यात, ऐन ओलिताच्या टायमाले. कोणीतरी नाव घेतलं एका सालदाराचं, माझ्याच वावरात काम करे तो. ठाण्यात नेलं. आम्ही आठ दहा जण बाहेर उभे होतो, आतून आवाज येत होता अन् आम्हाले बरं वाटत होतं, मलेही वाटत होतं, खोटं कायले बोलू. संध्याकाळी सोडलं तेव्हा त्याचे तळपाय असे सुजले होते का चप्पल पायात जात नव्हती, हातात धरून चालत आला. बाराव्या दिवशी तांबं भंगारवाल्याकडं सापडलं, चोर दुसरेच, बाहेरगावचे. तो गडी माझ्या वावरात परत आला नाही. मी बोलवायले गेलो नाही हेही खरं आहे.

रिटायर जमादार
भाऊ, जा त्याच्या घरी. मी खात्यात ३१ वर्षं काढली, सांगून रायलो. मोठ्या माणसाले हात लावता येत नाही तो राग लहान माणसावर निघते, हे मी लय वेळा पाहिलं आणि दोनचार वेळा माझ्या हातूनही झालं. आपल्या इथला अर्धसत्य पाहा, १९८३ चा, गोविंद निहलानींचा. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही मराठी कथा, पटकथा तेंडुलकरांची. ओम पुरींचा पोलीस वेलणकर त्या बड्या गुंडाले, रामा शेट्टीले, काही करू शकत नाही, अन् कोठडीत मरते कोण, तर रेडिओ चोरल्याचा संशय असलेलं पोरगं. तो पाहून त्या रात्री मी जेवलो नव्हतो.

अन् मॅग्नम फोर्समधली एक गोष्ट कोणी लिहिली नाही. त्या ट्रॅफिकवाल्या पोरायच्या मागं असते हॅरीचाच साहेब, जो अभिमानानं सांगते का मी नोकरीत कधी पिस्तूल बाहेर काढलं नाही. हुकूम त्याचा, हात पोरायचे. हे ज्यानं लिहिलं त्याले खातं बराबर समजलं होतं.

जागलीवरचा
उद्या सकाळी जातो, काका. हरभऱ्याच्या घाट्या भरल्या आहेत, पायलीभर सोलून नेतो त्याच्या लेकरायसाठी.