पिक्सेलला रंग कळतच नाही
कुणीतरी म्हटलंय की डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवरचा, प्रत्येक पिक्सेल (बारीक ठिपका) लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग मोजतो, पण बहुतेक कॅमेऱ्यांत तसं नसतं. पिक्सेलला फक्त प्रकाश किती पडला तेवढंच कळतं, म्हणजे फोटॉन (प्रकाशाचे कण) आले की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन सुटतात, एक्सपोजर (सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) संपेपर्यंत साठतात आणि मग त्यांचं व्होल्टेज मोजून आकडा बनतो, बस्स. रंगासाठी प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाचा प्रकाश आत सोडणारा एकेक फिल्टर, निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायरची, पेटंट १९७६ चं. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरतात आणि मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं, फोटोतली दोन तृतीयांश रंगाची माहिती चक्क गणिताने काढलेली असते! बारीक विणीच्या कापडावर कधीकधी नसलेले रंगीत पट्टे उमटतात ना, तिथे हा अंदाज चुकलेला असतो.