चवड्यांवर चालणारा मुलगा, घराण्यातच टाचेची शीर आखूड: ताण, प्लास्टर की ऑपरेशन?

प्रश्न
मुलगा ५ वर्षांचा. चालायला लागल्यापासून दोन्ही चवड्यांवर. उकिडवं बसताना टाचा टेकवायला लावल्या की मागे कलंडतो. वडील आणि आत्याही लहानपणी असेच चालायचे. गुडघा सरळ ठेवला तर पाऊल जेमतेम काटकोनात येतं; गुडघा वाकवला की आणखी १५ अंश वर जातं. ताण नेमका कसा द्यायचा? प्लास्टर कधी?

फिजिओताईचं उत्तर
गुडघा वाकवल्यावर सुटतंय, म्हणजे आखडलाय तो गॅस्ट्रोक्नेमियस. पोटरीचा हा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो, म्हणून ताण गुडघा सरळ ठेवूनच द्यायचा. मुलाला उताणं झोपवा. टाच तळहातात धरून किंचित आत वळवा, त्याच हाताचा मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग त्याच्या तळव्याला टेकवा आणि टाच खाली ओढत पाऊल वर आणा. ३० सेकंद, ५ वेळा, दिवसातून दोनदा. नुसता चवडा दाबला तर टाच जागची हलत नाही, पाऊल मधूनच वाकतं आणि कोन सुधारल्यासारखा दिसतो. मोजतानाही हीच गफलत होते.

‘घोटा’चं उत्तर
वडिलांकडे आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पोटऱ्या फुगीर आहेत का? जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकवतो का? तसं असेल तर आधी रक्तातलं सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारी तपासणी). ड्यूशेन (स्नायू हळूहळू कमकुवत करणारा आजार) बहुतेकदा आईकडून येतो, आणि मामांपैकी कुणाला नसला तरी होऊ शकतो. एकाच पायाची टाच उचलत असेल किंवा आधी नीट चालणारं मूल नंतर चवड्यांवर गेलं असेल, तर मेंदू आणि मणक्याची तपासणी हवीच.

‘अस्थिरोग’चं उत्तर
वरचं सगळं ठीक असेल आणि ३-४ महिने नेमाने ताण देऊनही कोन हलला नाही, तर प्लास्टर. गुडघ्याखालचं, चालता येईल असं. दर १-२ आठवड्यांनी बदलत थोडं थोडं वर, एकूण ४-६ आठवडे. एका खेपेत जास्त ओढलं की टाचेला जखम होते. बोटं निळी, थंडगार किंवा रडणं थांबेना, तर सकाळची वाट न बघता प्लास्टर कापून घ्या. नंतर काही महिने रात्रीचा स्प्लिंट (पाय धरून ठेवणारा साचा), तोही गुडघा सरळ राहील असा बघा. पाय मुडपून झोपला तर गॅस्ट्रोक्नेमियसला ताणच बसत नाही.

बोटॉक्सवर (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) पैसे घालू नका. स्वीडनमधल्या २०१३ च्या चाचणीत प्लास्टरला त्याची जोड देऊन निकाल सुधारला नव्हता. ऑपरेशनची वेळ आलीच, तर या मुलात पोटरीतलं गॅस्ट्रोक्नेमियसचं आवरणच सैल करायचं. टाचेची अख्खी शीर (पोटरी टाचेला जोडणारा दोर) लांबवली आणि ती प्रमाणाबाहेर लांबली, तर पोटरीचा जोर जातो, मूल गुडघे वाकवून चालू लागतं, आणि ते दुरुस्त करणं फार अवघड.