दोन लॅबचे डेटाबेस एक करायचेत: एआय कॉलम जुळवतंय, पण भलतीकडेही जुळवतंय

शाईपेन:

नमस्कार मंडळी. दोन पॅथॉलॉजी लॅब एक झाल्या आणि त्यांचे डेटाबेस एकत्र करायचं काम माझ्याकडे आलंय. एकीकडे ६४ टेबलं, दुसरीकडे ९१. पहिल्या लॅबची डेटा डिक्शनरी (कोणत्या कॉलमचा अर्थ काय याची यादी) आहे, तीही अर्धवट. दुसरीची नाहीच, आणि ज्यांनी तो डेटाबेस बांधला ते केव्हाच नोकरी सोडून गेले.

मी दोन्हीकडची टेबलं, कॉलमांची नावं आणि डेटाटाइप एका भाषा मॉडेलला दिले आणि जोड्या लावायला सांगितल्या. पहिली यादी बघून खरंच हायसं वाटलं. 'पीटी_डीओबी'ला 'जन्म_दिनांक', 'रेफ_डॉक'ला 'कन्सल्टंट_आयडी'. हाताने करत बसले असते तर आठवडा गेला असता.

मग एकेक जोडी उघडून आतला डेटा बघायला लागले. 'ग्लू_एफ' आणि 'फास्टिंग_शुगर' जोडलेले. दोन्हीकडे उपाशीपोटीची साखर, दोन्हीकडे दशांश, म्हणजे जोडी बरोबरच. पण एका कॉलममध्ये ९२, ११०, १४६ आणि दुसऱ्यात ५.१, ६.१, ८.१. एक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरा मिलिमोल प्रति लिटर! हे तसंच एका कॉलममध्ये ओतलं असतं तर कुणाच्या तरी जुन्या रिपोर्टवर साखर ५ दिसली असती. ती जोडी बघितल्यापासून मी धास्तावले आहे.

दुसरं म्हणजे 'स्टेटस'ला 'स्टेटस'. एकीकडे तो नमुन्याचा (आला, तपासला, नाकारला), दुसरीकडे बिलाचा. मॉडेलने त्यापुढे खात्री ९५ टक्के लिहिली होती. शिवाय तोच प्रॉम्प्ट पुन्हा चालवला की काही जोड्या बदलतात.

नावांच्या पलीकडे हे काम कसं न्यायचं? खात्रीचा आकडा कितपत धरायचा? रुग्णांच्या नोंदी मॉडेलला दाखवायच्या नाहीत, एवढं पक्कं आहे.

जुना_डीबीए:

ताई, तो ९५चा आकडा आधी सोडून द्या. किती खात्री आहे असं विचारलं की मॉडेल एक आकडा लिहून देतं, पण तो कशावरून मोजलेला नसतो. खरा अंदाज हवा असेल तर शंभरेक कॉलम स्वतः हाताने जुळवा, ते मॉडेलपासून बाजूला ठेवा आणि त्यांवर किती बरोबर येतात ते मोजा.

हे दुखणं जुनं आहे. एरहार्ड राम आणि फिलिप बर्नस्टाइन यांनी २००१ साली स्कीमा मॅचिंगच्या, म्हणजे दोन डेटाबेसची रचना (टेबलं-कॉलम) एकमेकींशी जुळवण्याच्या, पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हाच नावं-रचना बघून जुळवणं आणि आतली मूल्यं बघून जुळवणं असे दोन मार्ग वेगळे मांडले होते. तुम्ही अजून पहिल्याच मार्गावर आहात. त्या मार्गावर भाषा मॉडेल फार चांगलं चालतं. 'डीओबी' म्हणजे जन्मतारीख, हे अक्षरांतला फरक मोजणाऱ्या लेव्हेनश्टाइन अंतराला कधीच कळलं नसतं. पण तुमच्या दोन्ही चुका नावं बघून पकडता येणाऱ्या नव्हत्याच, त्या मूल्यांत होत्या.

नोंदी न दाखवता मूल्यं दाखवता येतात. प्रत्येक कॉलमचं प्रोफाइल तुमच्याच सर्व्हरवर काढा: रिकाम्या नोंदी किती, वेगळी मूल्यं किती, मध्यक किती, मजकुराची लांबी किती, आकृतिबंध कसा (प्रत्येक अक्षराच्या जागी 'अ', प्रत्येक अंकाच्या जागी '९'). किमान आणि कमाल मात्र देऊ नका, कारण ती कुणा एकाच रुग्णाची असतात. त्याऐवजी ५वं आणि ९५वं शतमक (ज्यांच्या खाली ५ आणि ९५ टक्के मूल्यं येतात ते आकडे) द्या. ज्यात पाच-सातच वेगळी मूल्यं आहेत अशा कोडच्या कॉलमांची मूल्यं वाचून बघा, त्यात कुणाची ओळख नसेल तर तशीच द्या. एवढं मिळालं की नमुन्याचा 'स्टेटस' आणि बिलाचा 'स्टेटस' मॉडेल स्वतःच वेगळे काढेल.

एककांसाठी तर मॉडेल लागतच नाही. जुळलेल्या दोन कॉलमांच्या मध्यकांचं गुणोत्तर काढा. साखरेचं १८च्या आसपास येईल, क्रिएटिनिनचं ८८.४, कोलेस्टेरॉलचं ३८.७. गुणोत्तर १पासून लांब असेल ती जोडी माणसाने बघितल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही.

अर्धविराम:

वरच्यात भर. अख्खा स्कीमा एकदम देऊ नका. आधी एम्बेडिंगने (मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडून जवळीक मोजायची पद्धत) प्रत्येक कॉलमसाठी जवळचे दहा उमेदवार काढा, मग त्यांतला एक निवडायला मॉडेलला सांगा, आणि 'यांतला कोणीच नाही' हा पर्याय द्यायला विसरू नका. तो नसला की मॉडेल कुणाला तरी कुणाशी तरी लावूनच देतं. टेम्परेचर (उत्तरात किती यादृच्छिकता असावी हे ठरवणारं मॉडेलचं सेटिंग) शून्यावर ठेवा, जोड्या बदलणं बरंच कमी होईल.

नमुनापेटी:

मी लॅबच्याच सॉफ्टवेअरवर काम करतो. एक गोष्ट आत्ताच तपासा: दोन्हीकडे निकाल एकाच पद्धतीने साठवलेत का? बरेचदा एका लॅबमध्ये प्रत्येक चाचणीला स्वतंत्र कॉलम असतो आणि दुसरीत 'निकाल' नावाचं एकच उभं टेबल, त्यात चाचणीचा कोड, मूल्य आणि एकक. मग तिकडच्या एका 'मूल्य' कॉलममध्ये साखरही असते आणि हिमोग्लोबिनही. कॉलमला कॉलम शोधणाऱ्या मॉडेलला तिथे जोडीदार मिळणारच नाही. आधी उभं टेबल आडवं करून, म्हणजे प्रत्येक चाचणीला वेगळा कॉलम देऊन, व्ह्यू (मूळ डेटा न बदलता वेगळ्या मांडणीत दाखवणारं टेबल) बनवा, मगच जुळवा. आणि दोन्हीकडच्या चाचण्या एकमेकींशी थेट न जोडता लॉइंक (लॅब चाचण्यांसाठीची आंतरराष्ट्रीय कोडपद्धती) कोडला जोडा. त्यात साखर वजनात मोजलेली आणि मोलमध्ये मोजलेली यांना वेगवेगळे कोड आहेत, त्यामुळे एककाचा गोंधळ तिथेच समोर येतो.

शाईपेन:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस यावरच बसले होते.

नमुनापेटी, तुमचा अंदाज तंतोतंत! दुसऱ्या लॅबमध्ये थायरॉइडच्या सगळ्या चाचण्या उभ्या टेबलात होत्या आणि मी त्या 'सापडत नाहीत' म्हणून सोडून दिल्या होत्या. व्ह्यू केल्यावर सगळ्या लागल्या.

गुणोत्तराच्या तपासणीत साखरेशिवाय आणखी सहा जोड्या सापडल्या. हिमोग्लोबिनचं नेमकं १० आलं, एकीकडे ग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरीकडे प्रति लिटर. ती मी स्वतः डोळ्यांनी बघून 'बरोबर' म्हणून पुढे पाठवली होती. हाताने जुळवलेल्या १०० कॉलमांपैकी नुसत्या नावांवर ७१ बरोबर आले होते, प्रोफाइल आणि 'कोणीच नाही' दिल्यावर ८८.

उरलेल्या १२पैकी एक होता 'फ्लॅग_२', त्यात 'वाय', 'एन' आणि कुठेकुठे 'एक्स'. मॉडेलने तीन वेळा तीन अर्थ सांगितले. शेवटी रक्त घेणाऱ्या जुन्या टेक्निशियन मावशींना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "एक्स म्हणजे नमुन्यात गुठळी झाली, पेशंटला परत बोलवा." मी ते तिथेच डिक्शनरीत लिहून घेतलं. बाकीचे ११ कॉलम छापून सोमवारी त्यांच्याकडे घेऊन जातेय.