जपानहून येताना काय आणावे? बावीस सहकारी, अंडे न खाणारी ज्येष्ठ मंडळी आणि दोन बॅगा

सदाशिवपेठी प्रवासी:

नमस्कार मंडळी,

येत्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी पत्नी बारा दिवसांसाठी जपानला जात आहोत. टोकियोत चार दिवस, तिथून हिरोशिमा आणि मियाजिमा बेट, मग क्योटोत चार दिवस आणि शेवटचे दोन दिवस पुन्हा टोकियो, असा क्रम ठरला आहे. तिकिटे, हॉटेले, रेल्वे यांची व्यवस्था झाली असून अडले आहे ते फक्त भेटवस्तूंपाशी. यापूर्वी एका परदेश प्रवासाहून आम्ही चाळीस-पन्नास किल्ल्यांचे छल्ले आणि फ्रिजवर चिकटवायची चित्रे आणली होती. त्यांतील निम्म्या वस्तू चीनमध्ये बनलेल्या निघाल्या आणि उरलेल्या आजही आमच्याच खणात पडून आहेत. तसे पुन्हा व्हायला नको.

कार्यालयात आम्ही बावीस जण आहोत आणि तिथे रिकाम्या हाताने जाणे शक्य नाही. आई आणि सासूबाई दोघीही शुद्ध शाकाहारी असून अंडेही खात नाहीत. नऊ वर्षांची एक भाची आहे. धाकटी बहीण हौसेने स्वयंपाक करते, तिच्यासाठी थोडे अधिक खर्चून काही चांगले घ्यायचे आहे. शिवाय आमच्या मागे तुळशीला पाणी घालणारे तळमजल्यावरचे काका-काकू आहेत. प्रत्येकी २३ किलोची एकच बॅग नेता येणार आहे. नेमके काय घ्यावे, कुठे घ्यावे आणि करसवलतीचे काय करावे, हे अनुभवी लोकांनी सांगितल्यास उपकार होतील.

निशिकासाईकर:

नमस्कार. मी अकरा वर्षे टोकियोत राहतो आणि दरवर्षी पुण्याला येताना हाच हिशेब मांडतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

जपानी माणूस प्रवासाहून येताना जे आणतो त्याला ‘ओमियागे’ म्हणतात. तो शब्द ज्या चित्रलिपीत लिहितात, तिचा अक्षरार्थ ‘मातीचे उत्पन्न’ असा आहे. आपण लोणावळ्याहून चिक्की आणि पंढरपूरहून चुरमुरे-बुक्का आणतो, तीच ही रीत. फरक इतकाच की जपानमध्ये तिच्यावर एक अख्खा उद्योग उभा आहे. प्रत्येक गावाचा ठरलेला पदार्थ असतो, तो त्या गावच्या रेल्वे स्थानकावर मिळतो आणि बहुधा कार्यालयात वाटण्यासाठीच बांधलेला असतो. खोक्यावर आत किती नग आहेत ते छापलेले असते आणि बऱ्याच प्रकारांत प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात असतो. त्यामुळे आपल्या बावीस सहकाऱ्यांचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. चोवीस नगांचा एक खोका घ्यावा आणि मोकळे व्हावे.

अडचण अंड्याची आहे. टोकियोचा प्रसिद्ध केळ्याच्या आकाराचा केक, नागासाकीचा कास्तेला हा स्पंज केक, मियाजिमाचे मेपलच्या पानाच्या आकाराचे ‘मोमिजी मांजू’, या सर्वांत अंडे असते. वेष्टनावर ॲलर्जीकारक घटकांची यादी असते. तिच्यात अंडे, दूध, गहू, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा इत्यादींची नोंद कायद्याने सक्तीची आहे. जिलेटिन मात्र त्या सक्तीच्या यादीत नाही, ते केवळ शिफारशीच्या यादीत येते. म्हणून ती चौकट पाहून समाधान मानू नये, तर फोनच्या कॅमेऱ्याने घटकपदार्थांचा संपूर्ण मजकूर भाषांतरित करून वाचावा. खाऱ्या तांदळाच्या पापड्यांमध्ये, म्हणजे सेनबेमध्ये, माशाचा अर्क असू शकतो. दिसायला त्या निरुपद्रवी वाटतात आणि नेमक्या तिथेच आपण फसतो.

आपल्या आई आणि सासूबाई या दोघींसाठी माझी पसंती ‘योकान’ या पदार्थाला आहे. लाल चवळीसारख्या दिसणाऱ्या अझुकी कडधान्याचे वाटण, साखर आणि समुद्री शेवाळापासून केलेले कांतेन, म्हणजे आपले चायना ग्रास, यांची ही घट्ट वडी असते. साध्या योकानमध्ये प्राणिज काहीही नसते आणि बंद वेष्टनात ती अनेक महिने टिकते. गंमत अशी की योकानच्या चित्रलिपीचा अर्थ ‘मेंढीचा रस्सा’ असा होतो. मूळ चिनी पदार्थ मांसाचा होता. जपानच्या बौद्ध मठांत त्याचे शाकाहारी रूप आले आणि नाव तेवढे मागे राहिले. सासूबाईंना हे नाव वाचून दाखवू नये, इतकेच सुचवतो.

क्योटोत ‘यात्सुहाशी’ सर्वत्र दिसेल. तिचे दोन प्रकार आहेत. मऊ, कच्च्या प्रकारात तांदळाचे पीठ, साखर, दालचिनी आणि आत गोड पुरण असते. चवीला उत्तम, पण ती जेमतेम आठ-दहा दिवस टिकते आणि नग एकमेकांना चिकटून बसलेले असतात. भाजलेला प्रकार कौलासारखा वळलेला आणि कडक असतो, तो काही महिने टिकतो आणि सहसा अंड्याविना असतो. कार्यालयासाठी हा दुसरा घ्यावा. दातांची तक्रार असलेल्या सहकाऱ्यांना आधीच सावध करावे. खरेदी करताना दुकानदाराला ‘हिमोची’ किती, असे विचारावे. पदार्थ किती दिवस टिकेल याला तो नेमका शब्द आहे. आणि वाटण्यासाठी छोट्या पिशव्या मागायला विसरू नये, बहुतेक दुकाने जितके नग तितक्या पिशव्या देतात.

आईंसाठी मियाजिमाहून भात वाढायचा लाकडी चमचा, म्हणजे ‘शाकुशी’, घ्यावा. तो त्याच बेटाचा म्हणून ओळखला जातो. तिथल्या एका भिक्षूने बेन्झाइतेन देवीच्या हातातील बिवा या तंतुवाद्याचा आकार पाहून तो घडवला, अशी कथा सांगतात. बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. तिच्या जपानमधील तीन प्रमुख स्थानांत मियाजिमाची गणना होते. वजन नगण्य, किंमत माफक आणि सांगायला गोष्ट आहे. नाव कोरून हवे असल्यास देवनागरीचा आग्रह धरू नये.

वजनकाटा:

वरील माहिती उत्तम आहे, पण गावोगावी खोके जमवत फिरण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. मी तसे केले होते. हिरोशिमाला घेतलेले दोन आणि क्योटोला घेतलेले चार खोके स्थानकांच्या जिन्यांवरून वाहून टोकियोला आणले, तेव्हा त्यांतील तीन चेपलेले होते. खोक्याचे वजन कमी असते, पण ते जागा फार खाते. कार्यालयाचा खाऊ शेवटच्या दिवशी टोकियो स्थानकातून किंवा विमानतळावरून घ्यावा. माचाच्या, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीच्या, चवीचे छोटे किटकॅट कोठेही मिळतात, त्यांत अंडे नसते आणि प्रत्येक नग वेगळा बांधलेला असतो. जपानमध्ये ते परीक्षार्थींना देण्याची पद्धत आहे, कारण त्याचे नाव ‘किट्टो कात्सु’, म्हणजे ‘नक्की जिंकशील’, या शब्दांच्या जवळ जाते.

भाचीसाठी फार विचार करू नये. ओरिगामीचे कागद, नक्षीदार वाशी टेप (कागदी चिकटपट्टी) आणि खोडता येणारी पेने तिला पुरेशी होतील. त्या पेनांची शाई घर्षणाच्या उष्णतेने अदृश्य होते, म्हणून वही उन्हात तापलेल्या गाडीत राहिली तर गृहपाठही अदृश्य होतो. शंभर येनच्या दुकानांत (करासह ११० येन) हे सारे मिळते. फक्त तिथला बराच माल जपानबाहेर बनलेला असतो, तेव्हा ज्यांना त्याचे वावडे आहे त्यांनी मागची बाजू वाचून घ्यावी.

निशिकासाईकर:

वजनकाटा यांचे म्हणणे टोकियोच्या पदार्थांपुरते मान्य आहे. परंतु क्योटोची यात्सुहाशी टोकियोच्या विमानतळावर घेऊन ‘क्योटोहून आणली’ असे सांगण्यात ओमियागेची सारी मजा निघून जाते. खोके चेपतात, कारण आपण ते बॅगेत कोंबतो. दुकान देते त्या कागदी पिशवीत ते उभे ठेवून हातात न्यावेत. शिंकानसेन या वेगवान रेल्वेत डोक्यावरच्या फळीवर भरपूर जागा असते.

मातीकाम:

खाण्याच्या वस्तूंवर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून मी बहिणीच्या भेटीपुरते लिहिते. टोकियोत उएनो आणि आसाकुसा यांच्या मधोमध काप्पाबाशी नावाचा रस्ता आहे. उपाहारगृहांना लागणारी भांडीकुंडी, सुऱ्या, पाट्या, खिडकीत मांडायचे मेणासारखे खोटे पदार्थ अशी दुकाने तिथे ओळीने आहेत. रविवारी त्यांतील बरीच बंद असतात, तेव्हा इतर वारी जावे.

शाकाहारी स्वयंपाकासाठी ‘नाकिरी’ ही आयताकृती पात्याची सुरी घ्यावी. ती खास भाजीसाठीच असते, दोन्ही बाजूंनी धार असल्याने नवख्या हातालाही जमते आणि कोबी चिरताना तिची सरळ धार पाटावर पूर्ण टेकते. तिच्यासारखीच दिसणारी ‘उसुबा’ एका बाजूने धारेची, व्यावसायिक आचाऱ्यांची असते. ती चुकून घेऊ नये. पाते कार्बन पोलादाचे असेल तर धार अप्रतिम लागते, पण चिंच-लिंबाने काळे पडते आणि ओले राहिल्यास गंजते. घरात सुरी वापरून सिंकमध्ये टाकण्याची सवय असेल तर स्टेनलेस पाते बरे. जपानी पोलाद कठीण असते, म्हणूनच ते ठिसूळही असते. नारळ, हाडे, गोठलेले पदार्थ यांवर ही सुरी चालवली तर धारेचे टवके उडतात. बहिणीला सुरीसोबत हा इशाराही द्यावा. अनेक दुकाने पात्यावर नाव कोरून देतात. सुरी अर्थातच विमानात जमा करायच्या बॅगेत ठेवावी.

आता ओतीव लोखंडाच्या किटलीविषयी. इवाते प्रांतातील ‘नांबु’ लोखंडकाम प्रसिद्ध आहे आणि ते पाहून मोह होतोच. तिथे एकसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू असतात. ‘तेत्सुबिन’ ही पाणी उकळण्याची किटली, आतून उघड्या लोखंडाची. ‘क्यूसु’ हे चहा मुरवण्याचे भांडे, आतून काचेसारखा मुलामा दिलेले. मुलामा दिलेले भांडे विस्तवावर ठेवायचे नसते. हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मी ते पहिल्याच दिवशी गॅसवर ठेवले. मुलामा तडकला, आता त्यात मी पेन्सिली ठेवते. दोन्हींचे वजन मात्र आपल्या २३ किलोंना परवडणारे नाही.

चिनीमातीचे पेले घेणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जपानी संच पाचाचा असतो, कारण ‘चार’ या अंकाचा एक उच्चार ‘मृत्यू’ या शब्दासारखा आहे आणि विषम संख्या शुभ मानतात. आपल्याकडे सहाची सवय असल्यामुळे पाहुण्यांची पंगत बसली की एक पेला नेहमी कमी पडतो. तळमजल्यावरच्या काका-काकूंना मात्र जोडीचे पेले द्यावेत; ‘मेओतो’ म्हणजे नवरा-बायकोसाठी घडवलेली, एक थोडा मोठा व एक थोडा लहान अशी जोडी मिळते. एकच विनंती, आपल्या बॅगेतील मऊ कपड्यांपेक्षा तिथे मिळणाऱ्या ‘तेनुगुई’ या सुती पंच्यात ते गुंडाळून आणावेत. सुमारे ३५ गुणिले ९० सेंटिमीटरचा हा पंचा स्वतःच एक सुंदर भेट असतो. त्याच्या कडा मुद्दाम शिवलेल्या नसतात, तेव्हा दोरे सुटू लागले म्हणून घाबरू नये.

सदाशिवपेठी प्रवासी:

मनःपूर्वक आभार. नाकिरी आणि शाकुशी निश्चित झाले. करसवलत, भात शिजवायचा कुकर आणि माचा यांविषयी कोणी सांगू शकेल का? पत्नीला कुकर फार आवडला आहे.

निशिकासाईकर:

कुकर घेऊ नये. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. स्थानिक कुकर पुण्यात थेट जोडला तर पहिलाच भात अखेरचा ठरेल. परदेशी ग्राहकांसाठी वेगळ्या व्होल्टेजचे नमुने मिळतात, परंतु पाटीवरचा आकडा स्वतः वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कराचा नियम आपल्या प्रवासाच्या तोंडावरच बदलतो आहे. आजवर एका दुकानात एका दिवशी करपूर्व ५,००० येन वा अधिक खरेदी केली की पासपोर्ट दाखवून उपभोग कर (वस्तूंवर १० टक्के, खाद्यपदार्थांवर ८ टक्के) जागीच वगळला जात असे. १ नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात कर भरावा लागेल आणि देश सोडताना सीमाशुल्काची नोंद झाल्यावर तो परत मिळेल. ५,००० येनची अट कायम आहे आणि दुकानात पासपोर्ट तसाच लागेल. खाऊ सीलबंद पिशवीत बांधण्याची सक्ती जाते, परंतु वस्तू देशाबाहेर नेणे बंधनकारक आहे. तपासणीत त्या दाखवायला सांगू शकतात. त्यामुळे बॅग विमान कंपनीच्या हवाली करण्यापूर्वी हे काम उरकावे आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावे. छोट्या खरेदीत ५,००० येन होत नाहीत, तिथे या फंदात पडू नये.

माचाची मागणी २०२४ पासून इतकी वाढली आहे की क्योटो आणि त्याच्या जवळचे उजी येथील नामवंत दुकानांनी एका गिऱ्हाइकाला किती डबे द्यायचे यावर मर्यादा घातली. मिळाला तरी डबा उघडल्यावर त्याचा रंग आणि सुवास लवकर उतरतो. दुधाचा चहा पिणाऱ्या घरासाठी ‘होजिचा’, म्हणजे भाजलेल्या पानांचा चहा, अधिक बरा. स्वस्त आहे, कडवट नाही आणि दूध घातले तरी बिघडत नाही.

तिळवण:

एक वस्तू कोणीच सांगितली नाही. क्योटोत ‘कोंपेइतो’ नक्की पाहा. हा आपला काटेरी हलवाच आहे. नाव पोर्तुगीज ‘कोन्फेइतो’वरून आले; १५६९ मध्ये लुईस फ्रोइस या पाद्रीने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या कुपीतून तो भेट दिल्याची नोंद आहे. आपण तीळ किंवा खसखस परातीत घेऊन, मंद आचेवर, हाताने पाकाचे शिंतोडे देत हलवा फुलवतो. तिथे तांदळाचा बारीक रवा किंवा साखरेचा कण तिरप्या फिरत्या कढईत घालून त्यावर पाक चढवत नेतात आणि एका घाण्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. १८४७ पासून हेच एक काम करणारे र्योकुजुआन शिमिझु हे दुकान क्योटोत आहे. साधा प्रकार निव्वळ साखरेचा असतो. तो महिनोन् महिने टिकत असल्याने नोव्हेंबरमध्ये आणलेला जानेवारीपर्यंत सहज राहील. माझ्या सासूबाई हलव्याचे दागिने करतात. मी आणलेली पुडी त्यांनी बोटांत फिरवून पाहिली आणि काटा आपल्यापेक्षा बोथट आहे, असा निकाल दिला. तरीही संक्रांतीला आलेल्या प्रत्येकीच्या हातावर तिळगुळासोबत त्यांनी त्याचे चार दाणे ठेवले आणि डबा तीन दिवसांत संपला. आपण दोन पुड्या अधिकच घ्याव्यात.